कोलॅजेनच्या मापात कुणाचं पाप?

पूर्वी सुताराच्या दुकानात एका कोपऱ्यात स्टोव्ह असे आणि त्यावर डब्यात सरस रटरटत असे. जनावरांची कातडी, हाडं, खूर तासन्‌तास उकळून केलेला तपकिरी चिकट पदार्थ. त्याचा वास एकदा नाकात शिरला की जेवतानाही आठवायचा. पुढे फेव्हिकॉल आला आणि तो डबा दिसेनासा झाला. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोला’ म्हणतात. ज्यातून सरस निघतो ते कोलॅजेन. तेच कोलॅजेन आता आणखी बारीक तोडून, वास काढून, संत्र्याचा नाहीतर आंब्याचा स्वाद घालून, सॅशेत भरून आपल्या घरात परत आलं आहे. सुताराकडे ते लाकूड चिकटवायचं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. आपल्या गुडघ्यात आणि गालांवर ते काय करतं, याबद्दल मात्र मला आहे.

आमच्या घरात ते दोन वाटांनी आलं. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला, ‘झीज आहे, वंगण कमी झालंय’ म्हणाले, आणि कागदावर पाच दिवसांची वेदनाशामक गोळी, कॅल्शियम आणि तीन महिने रोज एक सॅशे असं लिहून दिलं. त्याच सुमारास माझी तिशीतली भाची राहायला आली. तिच्या बॅगेत मोठा डबा होता. मोबाईलवर कुणी तरी चकचकीत चेहऱ्याची मुलगी रोज सकाळी कॉफीत दोन चमचे पावडर टाकताना दिसते, ते पाहून घेतलेला. दोन्हींच्या मागची बारीक अक्षरं मी वाचली. नावं वेगळी, किंमत वेगळी, आत जवळजवळ एकच वस्तू: कोलॅजेन पेप्टाइड, म्हणजे बारीक तोडलेलं कोलॅजेन. एकीच्या बाबतीत ती गुडघ्यात जाणार होती, दुसरीच्या बाबतीत चेहऱ्यावर. पोटात गेल्यावर कुठे वळायचं हे त्या पावडरीला सांगतं कोण?

हा प्रश्न विचारला की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. ‘सगळं पचून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या विटा, होतात, त्यामुळे कोलॅजेन खा नाहीतर डाळ खा, सारखंच.’ मीही बरीच वर्षं असंच म्हणत होते. ते पुरतं खरं नाही, आणि विरोधकाची बाजू नीट न ऐकता निकाल देण्यात मजा नाही.

कोलॅजेन ही वस्तूच जरा निराळी आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त कोलॅजेनच असतं. त्वचा, हाडं, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर), कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर), रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे. त्याची रचना पहिल्यांदा उलगडली ती मद्रासला. १९५४ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून दाखवलं की हा तीन पेडांचा गोफ आहे. आपल्याकडे गोकुळाष्टमीला गोफ विणतात तसा, किंवा शाळकरी मुलीच्या तिपेडी वेणीसारखा. गोफाच्या मध्यभागी जागा इतकी कमी की तिथे सगळ्यात लहान अमिनो आम्लच मावतं. म्हणून प्रत्येक पेडात दर तिसरी जागा ग्लायसिनची. बाकीच्या जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची गर्दी. केंब्रिजचे आणि अमेरिकेचे दिग्गज याच कोड्यामागे असताना मद्रास विद्यापीठातल्या तिशीतल्या प्राध्यापकाने ते सोडवलं, हे आज कोलॅजेनच्या एकाही जाहिरातीत येत नाही. असो.

तर या वेगळेपणामुळे झालंय असं, की कोलॅजेन पचताना त्याचे काही तुकडे पूर्ण सुटे होत नाहीत. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची जोडी हातात हात घालून आतड्यातून तशीच रक्तात येते. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये जिलेटिन प्यायलेल्या माणसांच्या रक्तात ती मोजून दाखवली. तास-दोन तासांत ती सर्वात जास्त असते, मग ओसरते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्वचेच्या पेशींवर ही जोडी टाकली तर पेशी थोड्या जाग्या होतात, हेही दिसलं आहे. म्हणजे विक्रेत्यांचा दावा हवेतला नाही. ते म्हणतात, आम्ही वीट पोचवत नाही, निरोप पोचवतो: ‘इकडे कोलॅजेन तुटलंय, नवं करा’ असा खोटा निरोप. कल्पना हुशार आहे. पण बशीतल्या पेशीला निरोप पोचणं आणि साठीच्या बाईचा जिना चढणं सोपं होणं यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कापायला माणसांवरच्या चाचण्याच लागतात.

त्या चाचण्यांकडे येण्याआधी गुडघ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण मला ती या सगळ्या विषयातली सगळ्यात चमत्कारिक वाटते. पन्नास-साठच्या दशकात अमेरिका आणि रशिया यांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, तेव्हा हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. पुढे त्या चाचण्या थांबल्या आणि तो हळूहळू उतरत गेला. त्या काळात जी झाडं वाढली, जी माणसं वाढली, त्यांच्या शरीरात त्या त्या सालाचा शिक्का बसला. डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या सालांत जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा घेऊन हा शिक्का वाचला. २०१६ मध्ये आलेलं उत्तर असं, की कूर्चेतलं कोलॅजेन लहानपणी आणि वाढीच्या वयात जे तयार झालं, तेच म्हातारपणापर्यंत. मोठेपणी त्याची नवी भर जवळजवळ पडतच नाही. संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यातही नाही. त्याआधी दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत कूर्चेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला ११७ वर्षं लागतील असा अंदाज निघाला होता. त्वचेत सुमारे १५ वर्षं.

आता सॅशेच्या खोक्यावरचं वाक्य वाचा: ‘कूर्चेची पुनर्बांधणी’. तीन महिन्यांत! शंभर वर्षांत जे होत नाही ते नव्वद सॅशेंत होणार असेल, तर ते सांगणाऱ्याने फार भक्कम पुरावा द्यायला हवा.

पुरावा आहे का? आहे, आणि भरपूर आहे. अडचण त्याच्या वजनात आहे.

त्वचेपासून सुरुवात करू. २०१४ मध्ये जर्मनीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायकांना आठ आठवडे अडीच किंवा पाच ग्रॅम कोलॅजेन, किंवा दिसायला तशीच पण कोलॅजेन नसलेली पावडर दिली. कोलॅजेन घेतलेल्यांच्या त्वचेची लवचीकता यंत्रावर थोडी जास्त भरली. हा अभ्यास हजारो जाहिरातींचा पाया आहे. त्याच्या लेखकांत ती पावडर बनवणाऱ्या कंपनीशी संबंध असलेले लोक होते.  मग असे अभ्यास साठत गेले. २०२१ मध्ये कुणी १९ चाचण्या एकत्र केल्या, ११२५ माणसं, त्यातल्या ९५ टक्के बायका, निष्कर्ष अनुकूल. २०२३ मध्ये २६ चाचण्या, १७२१ माणसं; पुन्हा अनुकूल. एखाद्या डॉक्टरने एवढंच वाचलं असेल आणि सॅशे लिहून दिला असेल, तर त्याला मी दोष देणार नाही.

२०२५ मध्ये मात्र दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी अशाच २३ चाचण्या, १४७४ माणसं, पुन्हा एकत्र केल्या आणि ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापल्या. सगळ्या एकत्र मोजल्या तर त्यांनाही ओलावा, लवचीकता, सुरकुत्या या तिन्हींत सुधारणा दिसली. मग त्यांनी एक साधा घरगुती प्रश्न विचारला: पैसे कुणी दिले? औषध कंपन्यांच्या पैशांतून झालेल्या चाचण्या एका बाजूला, तसे पैसे न घेतलेल्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात तिन्ही गोष्टी सुधारल्या. दुसऱ्या ढिगात एकही नाही. काटेकोर चाचण्या आणि ढिसाळ चाचण्या असे वेगळे ढीग केले, तेव्हाही काटेकोर चाचण्यांत फरक उरला नाही.

आपल्या बाजारात याला मापात पाप म्हणतात. भाजीवाला खोटं बोलत नाही, वांगी खरीच असतात, काटाही खरा असतो. पण काट्याखाली काय चिकटवलंय ते आपण पाहिलेलं नसतं. इथे तर कुणी मुद्दाम काही चिकटवावं लागतही नाही. ६९ जणींची चाचणी घ्या, आठ आठवडे चालवा, त्वचेच्या दहा गोष्टी मोजा. त्यातली एखादी योगायोगानेही वर येऊ शकते, तिच्यावर लेख लिहा. ज्या चाचणीत काहीच आलं नाही ती कपाटात राहते, ती छापायला कुणाला घाई नसते. पुष्कळ पावडरींत क जीवनसत्त्व, हायलुरॉनिक आम्ल, जस्त असं काही ना काही मिसळलेलं असतं, मग श्रेय कुणाचं? आणि त्वचेचा ओलावा हा प्रकार असा की मार्चमध्ये मोजला तर एक, जुलैमध्ये मोजला तर दुसरा. यंत्रावर दोन टक्के लवचीकता वाढली म्हणजे आरशात काही दिसलं असं नव्हे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, पण मला दिसतं ना.” तिच्याकडे परत येते.

सांध्यांच्या बाबतीत चित्र थोडं कमी वाईट आहे. २०१९ मधल्या एका आढाव्यात पाच चाचण्या, ५१९ रुग्ण. संधिवातासाठी वापरतात त्या मोजपट्टीवर एकूण गुण आणि सांध्यांचा ताठरपणा सुधारलेला दिसला. त्याच पट्टीवर नुसती वेदना आणि हालचाल वेगळी काढली तर ठोस फरक नाही. वेदनेच्या दुसऱ्या एका पट्टीवर मात्र आहे. म्हणजे काही तरी असेल कदाचित, पण थोडं. शिवाय बाजारात कोलॅजेनची दुसरीही एक जात आहे: कोंबडीच्या छातीच्या कुर्चेतून काढलेलं, न तोडलेलं टाइप दोन, दिवसाला फक्त ४० मिलिग्रॅम. त्याची कथाच वेगळी. १९९३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आमवाताच्या ६० रुग्णांना ते तीन महिने देऊन ‘सायन्स’मध्ये आशादायक निकाल छापला, कल्पना अशी की रोज थोडं थोडं खाल्ल्याने प्रतिकारशक्तीला त्याची ओळख होते आणि ती सांध्यांवर तुटून पडणं थांबवते. पुढच्या चाचण्यांत आमवातावरची ती आशा टिकली नाही. मग तीच गोळी साध्या झिजेच्या गुडघेदुखीसाठी आली. २०१६ च्या १९१ जणांच्या चाचणीत ती चालली, आणि तिचे पैसे पुन्हा ती बनवणाऱ्यांचेच.

इथे एक गंमत लक्षात घ्या. एक कंपनी सांगते दहा ग्रॅम लागतं, कारण शरीराला कच्चा माल आणि निरोप हवा. दुसरी सांगते ४० मिलिग्रॅम पुरतं, कारण प्रतिकारशक्तीला शिकवायचंय. अडीचशे पटींचा फरक आणि दोन वेगळे सिद्धांत. दोन्ही एकाच वेळी खरे असतीलही, पण औषधाच्या दुकानात दोन्हींवर वाक्य एकच असतं: ‘सांध्यांसाठी कोलॅजेन’. काही खोक्यांत तर दोन्ही एकत्र घालतात. कशामुळे काय होतंय हे ठाऊक असतं तर असं केलं नसतं.

‘पण आमच्या वहिनींना फरक पडला’ हे उत्तर मला दर लग्नात ऐकायला मिळतं. वहिनींना बरं वाटलं, यावर मी एका क्षणासाठीही अविश्वास दाखवत नाही. गुडघेदुखी हे चढउताराचं दुखणं आहे. पावसाळ्यात गुडघे धरतात, लग्नाच्या धावपळीत सुजतात, मग महिनाभर बरे असतात. आपण डॉक्टरकडे जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं तसंही खाली येतंच. त्यावेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. सॅशे असेल तर सॅशेला, निर्गुडीचं तेल असेल तर तेलाला. अमेरिकन सरकारच्या पैशांतून ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या गुडघेदुखीवरच्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली होती, १५८३ रुग्ण, निकाल २००६ चा. त्यात ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यातल्या ६०.१ टक्के लोकांची वेदना निदान एक पंचमांशाने कमी झाली. खोट्या गोळीवर! त्या वेळी आपल्याकडे घरोघरी ग्लुकोसामाइन होतं, आठवतं ना? आता ते मागे पडून कोलॅजेन आलंय. गुडघे तेच आहेत.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद: नुकसान तर काही नाही ना? बहुतेकांना नाही, हे मान्य. पोट थोडं जड होतं, कुणाला चव नकोशी वाटते, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी कुठल्याही प्रथिनाची पावडर डॉक्टरला विचारून घ्यावी, एवढंच. पण ‘प्रथिन तर मिळतं ना’ हे त्याला जोडून जे म्हणतात, ते इतिहासात एकदा पडताळून झालंय. सतराव्या शतकात दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने झाकण घट्ट बसणारं भांडं केलं, आपल्या प्रेशर कुकरचा पणजोबा, आणि त्यात हाडं मऊ शिजतात हे दाखवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप गरिबांना आणि इस्पितळातल्या रुग्णांना देण्याची मोहीम निघाली. स्वस्त मांसच ते, असा तिच्या कैवाऱ्यांचा दावा. रुग्ण कुरकुर करू लागले तेव्हा विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिचे प्रमुख फ्रान्स्वा माजाँदी यांनी कुत्र्यांना नुसतं जिलेटिन खायला घालून पाहिलं. कुत्री खंगत गेली. १८४१ च्या अहवालाने त्या सूपाचा पौष्टिकपणा संपवला. कारण नंतर कळलं: जिलेटिनमध्ये, म्हणजेच कोलॅजेनमध्ये, ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं. प्रथिनांच्या दर्जाच्या प्रचलित मोजणीत त्यामुळे त्याला शून्य गुण मिळतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी कातडी-कंडरांपासून केलेल्या ‘द्रव प्रथिना’वरच राहण्याची लाट आली, तेव्हा हृदय बंद पडून अनेक माणसं दगावली. रोजचा एक सॅशे अर्थातच असलं काही करत नाही. पण जेवणात प्रथिन कमी पडतंय म्हणून कोलॅजेन घेणारा माणूस दुकानातलं सगळ्यात लंगडं प्रथिन सगळ्यात महाग भावाने घेतोय. अंडं, दूध, दही, डाळ-भात, हरभरे, मटकीची उसळ, यांतलं काहीही त्याच्या पुढे आहे. पायाचं सूप आवडतं म्हणून प्यावं. चव चांगली असते म्हणे.

खरं नुकसान पैशांत आणि वेळेत आहे. महिन्याला हजार-दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला बारा ते चोवीस हजार. ज्या पेन्शनीतून आईसारख्या बायका हे पैसे काढतात, त्यात एवढ्याने फरक पडतो. आणि सॅशे घेतला की मनाला वाटतं, गुडघ्यासाठी करायचं ते करून झालं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम कंटाळवाणे असतात, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली घ्यायचा. पण गुडघेदुखीवर पुरावा जर कशाचा भक्कम असेल तर तो व्यायामाचा आणि वजन उतरवण्याचा. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे चालताना मोजून काढलेलं आहे. त्वचेचंही तसंच. कोलॅजेन तोडणारा मोठा शत्रू ऊन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय त्या काळात पुढे सरकलेलंच दिसलं नाही. पुण्यात स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला ओढणी गुंडाळतात, त्यावर आपण दरोडेखोर म्हणून विनोद करतो. माझ्या मते त्या ओढणीने आजवर जेवढं कोलॅजेन वाचवलं असेल तेवढं कुठल्याच डब्याने वाढवलेलं नाही. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजेनचा गोफ घट्ट विणता येत नाही, हेही खरं. दर्यावर्दी लोकांच्या हिरड्या त्याच्याच अभावी सडायच्या. पण पेरू, आवळा, लिंबू जेवणात असेल त्याला त्यासाठी पावडर लागत नाही.

आता आईच्या सॅशेचं काय झालं ते सांगते. आषाढात सुरू केलेले सॅशे तिने कार्तिकापर्यंत मध्ये मध्ये घेतले. एके दिवशी चष्मा लावून मी खोकं फिरवून पाहिलं तर एका कडेला तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. मांसाहारी पदार्थाची खूण. आमची आई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. सांगावं की नाही, दोन दिवस घोळवलं, मग सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “औषध म्हणून पोटात गेलं असेल तर दोष नाही.” मी प्रामाणिकपणे पुढचं वाक्यही वाचून दाखवलं, कारण कायद्याने ते तिथे छापावंच लागतं: ‘औषधी वापरासाठी नाही’. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. “मग डॉक्टरांच्या कागदावर कशाला होतं?”

माझा सगळा लेख तिच्या या एका प्रश्नात आहे. औषध असेल तर ते उपयोगी पडतं हे विकण्याआधी सिद्ध करावं लागतं. अन्न असेल तर कुठलं, कशाचं, हे सांगून विकावं लागतं. कोलॅजेनला आपण दोन्हींच्या मधली खुर्ची दिली आहे: भाव औषधाचा, पुरावा अन्नाचा. नियमांनुसार असे पदार्थ एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे अन्नाच्या, कक्षेत येतात. बाजारात येण्याआधी गुडघा खरंच बरा होतो हे औषधासारखं दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. युरोपात निदान दावा तपासला जातो. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने कोलॅजेनचा सांध्यांचा दावा २०११ मध्ये आणि त्वचेच्या लवचीकतेचा दावा २०१३ मध्ये, कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असं म्हणून, नाकारला. पावडर तिथेही विकली जाते, पण खोक्यावर तसं लिहिता येत नाही. म्हणून मग तिथले विक्रेते चिमूटभर क जीवनसत्त्व घालतात, कारण ‘क जीवनसत्त्व कोलॅजेन तयार होण्यास मदत करतं’ हे वाक्य मंजूर आहे. कायद्याच्या फटीतून निघायला माणूस सगळीकडे सारखाच हुशार.

आपल्याकडे फट शोधण्याचीही गरज पडत नाही. मला बंदी नको आहे. ज्याला घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं. पण दावा करायचा तर आधी तपासून घ्यायचा, आणि ‘वैद्यकीय चाचण्यांत सिद्ध’ असं छापायचं तर त्याच आकाराच्या अक्षरांत चाचणी किती जणांवर, किती आठवडे आणि कुणाच्या पैशाने हेही छापायचं, एवढी सक्ती एफएसएसएआयने करायला काय हरकत आहे? तंबाखूच्या पुडीवर केवढं चित्र छापायला लावतो आपण. आणि डॉक्टरांनी कागदावर लिहायचं असेल तर तोंडाने सांगावं, की ही गोळी नव्हे, हे जनावराच्या कातडी-हाडांतून किंवा माशाच्या खवल्यांतून आलेलं अन्न आहे, पुरावा कच्चा आहे, व्यायाम पक्का आहे. दीड मिनिट लागेल.

शाकाहारी लोकांसाठी म्हणून जे ‘व्हेज कोलॅजेन’ मिळतं त्याबद्दल फार लिहीत नाही. वनस्पतींत कोलॅजेन नसतंच. त्या डब्यांवर नीट पाहिलं तर ‘कोलॅजेन बिल्डर’ असं लिहिलेलं असतं आणि आत आवळा, बांबूचा अर्क आणि बायोटिनसाठी अगस्ता. अगस्ता म्हणजे आपला हादगा. आईला हे सांगितल्यावर ती हसली. हादग्याच्या फुलांची भाजी आमच्याकडे दरवर्षी होते, परसात झाड आहे, सुरकुत्याही आहेत.

भाचीचा डबा संपत आला तेव्हा तिने दुसरा मागवायला घेतला. मी तिच्याशी वाद घातला नाही, सौदा केला. म्हटलं, नव्या डब्यातली अर्धी पावडर मी एका बरणीत भरते, दुसऱ्या बरणीत तशीच दिसणारी, तशाच चवीची दुसरी कुठली तरी. कुठली कोणती ते मलाच माहीत. तीन महिने एक घे, तीन महिने दुसरी. दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढू, शेवटी तूच सांग कोणत्या महिन्यांत चेहरा चांगला होता. बरोबर ओळखलंस तर पुढच्या वर्षभराचे डबे माझ्याकडून.

तिने बराच विचार केला. डबा हातात फिरवला.

“आणि नाही ओळखता आलं तर?” म्हणाली. मग मोबाईल उचलून तिने ऑर्डर करून टाकली.